पन्नास मायक्रॉनच्या थरासाठी मेश किती चांगली हवी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इन्व्हर्टरमधील एका पॉवर मॉड्यूलच्या उष्णतावहनाचे सिम्युलेशन आपण करीत आहात. १० मिलिमीटर चौरस सिलिकॉन चिप ०.२ मिलिमीटर जाडीची आहे. तिच्याखाली १०० मायक्रॉन सोल्डर, मग ०.३ मिलिमीटर तांबे, ०.३८ मिलिमीटर ॲल्युमिना, पुन्हा ०.३ मिलिमीटर तांबे, त्याखाली ५० मायक्रॉन थर्मल ग्रीस आणि शेवटी ॲल्युमिनियमचा हीटसिंक आहे. तांबे आणि ॲल्युमिना यांची पट्टी ३० बाय ४० मिलिमीटरची असून चिपमध्ये १०० वॉट उष्णता निर्माण होते. सॉफ्टवेअर मॉडेलची आपोआप टेट्राहेड्रन मेश करते, म्हणजे ते चार त्रिकोणी बाजूंच्या लहान तुकड्यांत (एलिमेंटांत) विभागते, तेव्हा ग्रीस आणि सोल्डर यांतील एलिमेंट लाल, म्हणजे निकृष्ट आकाराचे, दिसतात. ते सुधारण्यासाठी आपण मेश बारीक करीत ४० लाख एलिमेंटवरून ३ कोटींवर गेलात, संगणक रात्रभर चालू लागला, चिपचे तापमान जेमतेम ०.३ अंशाने वाढले आणि तरीही ते प्रयोगशाळेतील मोजमापापेक्षा ८ अंशांनी कमीच आहे. पुढे ५ मिलिसेकंदांच्या पल्सचाही अभ्यास करायचा आहे. तेव्हा मेशची गुणवत्ता कशी वाढवावी, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. लाल दिसणारे एलिमेंट उत्तर खरोखर बिघडवत आहेत का, हा पहिला. आणि ८ अंशांची तफावत मेशमुळे आहे का, हा दुसरा. मॉडेल प्रत्यक्ष न पाहता खात्रीने बोलणे योग्य नाही, पण दुसऱ्याचे उत्तर आपल्याच आकड्यांत बरेचसे दडलेले आहे. उष्णतेचा स्रोत ठरलेला असेल, तर नेहमीच्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत भरड मेश स्रोताचे सरासरी तापमान खऱ्यापेक्षा कमी दाखवते आणि मेश बारीक होत जाईल तसे ते खालून वर सरकते. म्हणजे तफावतीची दिशा मेशवर संशय घेण्याजोगी आहे, हे मान्य. परंतु सातपटीहून अधिक एलिमेंट वाढवून जे तापमान ०.३ अंशच हलले, ते आणखी बारीक मेशने ८ अंश हलेल, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

कोणत्याही थरांच्या मॉडेलला हात लावण्यापूर्वी मी कागदावर एक हिशेब मांडतो, आणि हाताखालच्या नव्या मुलांनाही तो केल्याशिवाय मेश उघडू देत नाही. थराच्या जाडीला वाहकता आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागायचे, की थराचा उष्णतारोध मिळतो; त्याला वॉटने गुणले की तापमानघट, एवढाच तो हिशेब. चिपखालच्या १ चौरस सेंटिमीटरसाठी सोल्डरची वाहकता ५७ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली, तर १०० वॉटला त्यात तापमान पावणेदोन अंशांनी पडते. तांब्याच्या एका थरात एक अंशही पडत नाही. ॲल्युमिनाची वाहकता २४ धरली आणि उष्णता खाली जाताना ४५ अंशांच्या कोनात पसरते असे मानले, तर तेथे १३ अंशांच्या आसपास पडतात. आणि ग्रीस? वाहकता १, जाडी ५० मायक्रॉन, पसरून झालेले क्षेत्रफळ सुमारे १.४४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ ३५ अंश. ४५ अंशांचा नियम ढोबळ आहे आणि ग्रीसचा रोध जास्त असल्यामुळे उष्णता प्रत्यक्षात त्याहून थोडी अधिक पसरते. तरीही हिशेबाचा अर्थ बदलत नाही. हीटसिंकच्या वरची निम्म्याहून अधिक तापमानघट त्या पन्नास मायक्रॉनमध्ये आहे.

आता त्या थरात उष्णता कोणत्या दिशेने जाते ते पाहावे. ती वरून खाली, थराला आरपार छेदून जाते. थराच्या पातळीत आडवी जवळजवळ जात नाही, कारण थराच्या दोन्ही बाजूंना शेकडो पटींनी चांगले वाहक बसलेले आहेत. स्थिर अवस्थेत आणि वाहकता एकसारखी असताना अशा थरात तापमान जाडीच्या दिशेने सरळ रेषेत उतरते. सरळ रेषा दाखवायला साधा रेषीय एलिमेंट जाडीत एकच असला तरी पुरतो. म्हणूनच जाडीला २५ मायक्रॉन आणि लांबी-रुंदीला अर्धा मिलिमीटर असा चपटा षट्फलक, म्हणजे विटेच्या आकाराचा एलिमेंट, येथे दोष नसून तोच योग्य आकार आहे. जिकडे तापमान झपाट्याने बदलते तिकडे तो बारीक आहे आणि जिकडे बदलत नाही तिकडे ऐसपैस आहे.

मग सॉफ्टवेअर त्याला लाल का रंगवते? कारण गुणवत्तेचा तो आकडा आकार पाहतो, उष्णतेची दिशा त्याला ठाऊक नसते. प्रचलित मापांपैकी एक माप एलिमेंटच्या घनफळाला त्याच्या कडांच्या वर्गांच्या बेरजेच्या दीड घाताने भागून काढतात आणि घनाला १ गुण पडावा असा गुणक लावतात. हे माप वरच्या २० पट चपट्या, पण सर्व कोन काटकोन असलेल्या निर्दोष विटेला लावून पाहिले, तर गुण येतात ०.०९. त्याच विटेला कोनांवर आधारलेल्या मापांत पैकीच्या पैकी मिळतात. तेव्हा केवळ 'किमान गुणवत्ता' हा आकडा सांगू नये. माप कोणते आणि एलिमेंट कोणत्या जातीचा, हेही सोबत सांगावे.

टेट्राहेड्रनची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे चपटेपणापेक्षा बोथट कोन घातक ठरतात. बाबुश्का आणि अझीझ यांनी १९७६ मध्ये त्रिकोणी एलिमेंटबाबत दाखवून दिले की अडचण लहान कोनांची नसून १८० अंशांकडे झुकणाऱ्या कोनाची असते. त्रिमितीत याचे सर्वांत फसवे रूप म्हणजे चौरसाचे चार कोपरे किंचित वरखाली करून झालेला टेट्राहेड्रन. त्याच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड कडेचे गुणोत्तर फक्त १.४ असते, त्यामुळे गुणोत्तराच्या तक्त्यात तो सज्जन दिसतो. घनफळ मात्र जवळजवळ शून्य आणि दोन कडांवरील कोन १८० अंशांच्या जवळ. पातळ थरात आपोआप टेट्रा भरल्यावर असे एलिमेंट हमखास निघतात. आपल्या लाल एलिमेंटांपैकी मला काळजी आहे ती यांचीच. त्यांच्यासाठी उपाय मात्र 'आणखी बारीक टेट्रा' हा नव्हे. ग्रीसच्या जाडीत २५ मायक्रॉनचे दोन थर आणि बाजूही तेवढीच ठेवायची म्हटले, तर १२०० गुणिले १६०० गुणिले २, म्हणजे ३८ लाखांहून अधिक घन लागतात आणि प्रत्येक घनाचे पाच-सहा टेट्रा केले की एकट्या ग्रीसमध्येच २ कोटी एलिमेंट होतात. आपले ३ कोटी कोठून आले, ते यावरून कळेल.

त्याऐवजी थर स्वीप करावेत. चिपच्या चारही कडांची रेघ खालपर्यंत सर्व थरांवर उमटेल असे भूमितीचे तुकडे पाडावेत, शेजारच्या तुकड्यांचे पृष्ठभाग सामाईक करावेत, म्हणजे दोन्हीकडचे नोड (एलिमेंटचे कोपरे) एकच राहतील, आणि वरच्या पृष्ठभागावर चौकोनी मेश करून ती जाडीच्या दिशेने खाली ओढावी. अर्ध्या मिलिमीटरच्या चौकोनांनी पट्टीच्या एका पातळीत ४८०० एलिमेंट होतात. ग्रीसमध्ये दोन, सोल्डरमध्ये दोन, तांब्यात तीन-तीन आणि ॲल्युमिनात सहा पातळ्या घेतल्या आणि चिपच्या कडेपाशी चौकोन ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत बारीक केले, तरी हीटसिंकसकट सारे काम दोन-तीन लाख एलिमेंटांत आटोपते. हीटसिंकच्या पंखांत टेट्रा राहिले तरी हरकत नाही. तेथे तापमान सावकाश बदलते.

ॲल्युमिनात सहा आणि ग्रीसमध्ये दोनच, हे उलटे वाटण्याची शक्यता आहे. ग्रीसमध्ये घट मोठी आहे, पण ती सरळ रेषेत आहे. ॲल्युमिना आणि वरचे तांबे यांत उष्णता उतरता उतरता बाजूलाही पसरते, तेथे तापमानाची रेघ वाकते, आणि मेशची गरज वाकण्याला असते, उताराला नव्हे. हे वाकणे चिपच्या कडेखाली सर्वाधिक असते. तेथे एक सावधगिरी बाळगावी. कडेच्या आणि कोपऱ्याच्या रेषेवर, जेथे दोन पदार्थ आणि हवा एकत्र येतात, तेथे उष्णताप्रवाहाचा आकडा मेश बारीक कराल तितका वाढतच जातो; तो गणितातला अनंत आहे, मॉड्यूलमधला नाही. त्या बिंदूचा प्रवाह स्थिर होण्याची वाट पाहत मी एकदा दोन दिवस घालवले आहेत. चिपचे कमाल आणि सरासरी तापमान स्थिरावते, त्यावर निर्णय घ्यावा.

गुणवत्तेच्या तक्त्यावर विसंबून मी केलेली सर्वांत मोठी चूक येथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी अशाच थरांचे मॉडेल केले होते, ग्रीस ८० मायक्रॉन होते. मेश जोडताना एकमेकांजवळचे नोड एकत्र करण्याची मर्यादा मी ०.१ मिलिमीटर ठेवली, कारण आधीच्या एका मोठ्या ओतीव भागासाठी तीच ठेवली होती. ग्रीसच्या वरचे आणि खालचे नोड या मर्यादेत आले, एकमेकांत मिसळले आणि तो थर कोणतीही सूचना न देता नाहीसा झाला. त्याच्यासोबत सारे लाल एलिमेंटही गेले. माझ्या हातून गेलेला सर्वांत देखणा गुणवत्ता-अहवाल त्या मॉडेलचा होता, आणि चिपचे तापमान साफ चुकले होते. ग्राहकाने मोजमाप पाठवल्यावर मी हाताचा हिशेब काढला आणि ग्रीसच्या दोन्ही बाजूंचे तापमान तंतोतंत सारखे आहे, हे तेव्हा कोठे दिसले. तेव्हापासून प्रत्येक मॉडेलमध्ये मी चिपच्या मध्यातून एक उभी रेघ काढून तिच्यावरचे तापमान पाहतो आणि प्रत्येक थरातील घट कागदावरच्या आकड्याशी ताडतो. आपणही आधी हेच करावे. पाच मिनिटांचे काम आहे.

थराची मेशच न करण्याचा मार्गही आहे आणि स्थिर अवस्थेसाठी मला तो पसंत आहे. ग्रीसचा थर काढून टाकावा आणि तांबे व हीटसिंक यांच्या सांध्यावर वाहकता भागिले जाडी एवढा संपर्काचा गुणांक द्यावा. आपल्या आकड्यांनुसार तो २०,००० वॉट प्रति चौरस मीटर-केल्विन येतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय संपर्क किंवा पातळ थर अशा नावाने असते. फायदा असा, की ग्रीसची जाडी ४० की ७० मायक्रॉन, हे पाहताना मेशला हात लावावा लागत नाही. धोका संपर्क शोधण्याच्या अंतरात असतो. ते अंतर थरांच्या जाडीपेक्षा मोठे राहिले, तर सॉफ्टवेअर मधला थर ओलांडून भलतेच दोन पृष्ठभाग जोडू शकते. सांध्याची यादी डोळ्यांखालून घालावी आणि दोन्ही बाजूंचे एलिमेंट साधारण सारख्या मापाचे ठेवावेत.

हा मार्ग कोठे चालत नाही, तेही पाहू. थर चांगला वाहक असेल आणि उष्णता त्यातून आडवी धावत असेल, तर संपर्काचा गुणांक निरुपयोगी आहे. सर्किट बोर्डावरची ३५ मायक्रॉनची तांब्याची पापडी हे याचे नेहमीचे उदाहरण. बोर्डाची वाहकता ०.३ च्या घरात आणि तांब्याची ३९०. तेथे जाडीच्या दिशेने तापमान बदलतच नाही, सारा खेळ पातळीत असतो. म्हणून ती पापडी शेल, म्हणजे कागदासारख्या पृष्ठभागी, एलिमेंटने दाखवावी, जाडीची मेश करूच नये. एका बाजूने १० वॉट प्रति चौरस मीटर-केल्विन एवढे हवेचे शीतन असेल, तर अशा पापडीत उष्णता पसरण्याचे स्वाभाविक अंतर ३७ मिलिमीटर येते, त्यामुळे स्रोतापासून दूर एक-दोन मिलिमीटरचे एलिमेंटही पुरेसे बारीक ठरतात. थोडक्यात, पातळ थर दोन जातींचे असतात, अडवणारे आणि पसरवणारे. जात ओळखली की मेशचा निम्मा प्रश्न सुटतो.

आपण फायनाइट व्हॉल्यूम पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक लहान पेशीत येणाऱ्या-जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडणारे, सॉफ्टवेअर वापरत असाल, तर दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे तेथे शेजारच्या दोन पेशींच्या केंद्रांना जोडणारी रेघ सामाईक पृष्ठाला कितपत लंब आहे, याला चपटेपणाहून जास्त महत्त्व असते. ओपनफोम या अशाच सॉफ्टवेअरचे मेश तपासणारे साधन ७० अंशांपलीकडच्या अलंबतेवर बोट ठेवते, पण चपटेपणाचे गुणोत्तर १००० होईपर्यंत तक्रार करीत नाही, यावरून अग्रक्रम लक्षात यावा. दुसरी गोष्ट सांध्यावरच्या वाहकतेची. सगळे पदार्थ एकाच क्षेत्रात ठेवून वाहकता पेशीगणिक बदलत असाल, तर पृष्ठावरची वाहकता हार्मोनिक मध्याने, म्हणजे व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त घेऊन, काढली पाहिजे. ॲल्युमिनियमची २०० आणि ग्रीसची १ यांची साधी सरासरी १०० येते आणि ग्रीसचा रोध कागदावरून गायब होतो. चिपचे तापमान कमी येण्याचे हे एक जुने आणि गुळगुळीत कारण आहे. आपल्या बाबतीत ते लागू आहे की नाही, हे आपल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे.

पल्सच्या अभ्यासासाठी वरील काही सवलती मागे घ्याव्या लागतील. ०.३८ मिलिमीटर ॲल्युमिना ओलांडायला उष्णतेला साधारण १८ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ५ मिलिसेकंदांच्या पल्समध्ये तापमानाची रेघ त्या थरात सरळ नसतेच. शिवाय रेषीय एलिमेंटमध्ये काळाची पायरी एलिमेंटच्या जाडीच्या वर्गाला विसरणशीलतेच्या (पदार्थात उष्णता किती वेगाने पसरते त्या मापाच्या) सहापटीने भागून येणाऱ्या वेळेपेक्षा लहान घेतली, तर तापमान वरखाली झोके घेऊ लागते आणि काही नोड खोलीच्या तापमानाहूनही थंड दिसतात. ॲल्युमिनात एकच एलिमेंट असेल तर ही मर्यादा ३ मिलिसेकंद येते, सहा एलिमेंट घेतले की ०.१ मिलिसेकंदाच्याही खाली उतरते. म्हणजे पायरी बारीक केली की मेशही त्या दिशेने बारीक करावी लागते. संपर्काच्या गुणांकाने थर काढला की त्याची उष्णताधारकताही जाते. ग्रीसची धारकता शेजारच्या तांब्याच्या दहाव्या भागाएवढीच असल्याने ती सोडता येते, पण सोल्डरची चिपच्या निम्मी असते, म्हणून पल्ससाठी सोल्डर खरा ठेवावा.

चपट्या एलिमेंटांचा एक त्रास खरा आहे आणि तो अचूकतेचा नसून सॉल्व्हरचा, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या भागाचा, आहे. समीकरणांचे गुणक एकमेकांपेक्षा शेकडो पटींनी भिन्न होतात, पुनरावृत्ती पद्धत हळू चालते आणि ठरवलेली मर्यादा सैल असेल तर उत्तर पिकण्याआधीच थांबते. दोन-तीन लाख एलिमेंटांना थेट सॉल्व्हर वापरावा. काहीही वापरले तरी १०० वॉट आत गेले असतील, तर हीटसिंकवरून बाहेर पडणारी बेरीज १०० वॉटच आली पाहिजे. ९७ आली तर मेशचा रंग पाहण्यात अर्थ नाही.

एवढे झाल्यावर मेश तीन वेळा करावी, प्रत्येक वेळी सर्व दिशांत माप निम्मे करून, आणि चिपचे कमाल तापमान तिन्हींत किती सरकते ते लिहून ठेवावे. अहवालात अनिश्चितता आकड्याने द्यायची असेल, तर पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये सुचवलेला मेश-अभिसरणाचा निर्देशांक वापरावा. तीन मेशसाठी त्यात सुरक्षेचा गुणक १.२५ धरतात. आपल्या स्वीप केलेल्या मॉडेलमध्ये शेवटच्या दोन मेशमधला फरक एका अंशाच्या आत यावा, असा माझा अंदाज आहे.

मग उरतात ते ८ अंश. ग्रीस ५० ऐवजी ६० मायक्रॉन असेल, तर वरच्याच हिशेबाने ७ अंश वाढतात. ॲल्युमिनाची वाहकता तापमानाबरोबर उतरते आणि सिलिकॉनचीही उतरते. सामान्य तापमानाला सुमारे १४८ असलेला सिलिकॉनचा आकडा सव्वाशे अंशांच्या सुमारास १०० च्या आसपास येतो. आपण साऱ्या वाहकता २५ अंशांच्या तक्त्यातून घेतल्या असतील, तर तेथेही एक-दोन अंश सापडतील. एवढी अनिश्चितता समोर असताना एलिमेंटची संख्या वाढवत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून पुढचे काही सुचवण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. ग्रीस स्टेन्सिलने लावले की रोलरने, आणि स्क्रू आवळल्यानंतर त्याची जाडी कोणी मोजली आहे का? चिपचे तापमान कशाने घेतले. थर्मोकपल असेल तर ते चिपवर होते की शेजारच्या तांब्यावर? आणि चिपच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेघेवर ग्रीसच्या वरच्या व खालच्या पृष्ठाचे तापमान आपल्या सध्याच्या मॉडेलमध्ये किती आहे? यातला तिसरा आकडा आजच काढता येईल, तेव्हा तो आधी पाठवावा.